बियांवर खर्च करा, यंत्रावर नको

पुण्या-मुंबईच्या नव्या घरांत स्वयंपाकाच्या ओट्याचा एक कोपरा हल्ली कॉफीच्या मशीनसाठी राखून ठेवलेला दिसतो. कुणाकडे कॅप्सूलचं मशीन, कुणाकडे वाफेच्या नळीचं एस्प्रेसो मशीन. पहिले काही आठवडे कौतुकात जातात. मग सकाळची घाई जिंकते, मशीनवर टॉवेल पडतो आणि वरच्या फळीवरची इन्स्टंट कॉफीची बरणी पुन्हा खाली येते. चांगली कॉफी प्यायची तर कॅफेत जायचं किंवा तीस-चाळीस हजारांचं मशीन घ्यायचं, नाहीतर चमचाभर इन्स्टंट दुधात ढवळायची, असा समज मध्यमवर्गीय घरांत पक्का बसला आहे. तो समज सोडून द्यायची वेळ आली आहे. घरच्या गॅसवर, साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात, चहाला लागतो तेवढ्याच वेळात दमदार कॉफी होते. इटलीतल्या घरांनी कित्येक पिढ्या ती तशीच केली आहे.

त्या भांड्याचं नाव मोका पॉट. खाली पाण्याची टाकी, मध्ये पूड भरायची दांड्याची गाळणी, वर तयार कॉफी साठवणारं चोचीचं भांडं. खालचा आणि वरचा भाग आट्यांनी एकमेकांत बसतात आणि मध्ये रबराची रिंग असते. एवढंच. वायर नाही, पंप नाही, सर्व्हिसिंगचा करार नाही. साध्या बनावटीचा मोका आपल्याकडे हजार-दीड हजारात येतो, नामांकित इटालियन कंपनीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला. रिंग सैल पडली की नवी बसवायची, भांडं पुढे चालू.

उत्तर इटलीत ओर्ता सरोवराच्या काठी ओमेन्या गाव आहे आणि त्याला लागून क्रुसिनाल्लो. आल्फोन्सो बियालेत्ती हा तिथला कारागीर. फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या कामात दहाएक वर्षं काढून तो पहिल्या महायुद्धानंतर गावी परतला आणि त्यानं धातुकामाचा कारखाना टाकला. 1933 साली याच कारखान्यात अष्टकोनी मोका जन्माला आला. रचनेत लुईजी दे पोन्ती यांचा हात होता, असं मानलं जातं. कल्पना सुचली कशी, याचीही एक गोष्ट सांगतात. त्या काळी कपडे उकळण्याच्या भांड्यात मधोमध नळी असे. खालचं साबणाचं पाणी तापलं की नळीतून वर चढे आणि कपड्यांवर पसरे. बायकोची धुलाई पाहता पाहता आल्फोन्सोला कॉफीचं भांडं सुचलं म्हणे. गोष्ट खरी असो वा रचलेली, दोन्हीकडचं तत्त्व एकच आहे.

काळ मात्र वाईट होता. मुसोलिनीच्या राजवटीनं स्वयंपूर्णतेचा आग्रह धरला होता आणि ॲल्युमिनियमला राष्ट्रीय धातूचा मान दिला होता; भांडं त्या वाऱ्याला धरून होतं. पण त्यात घालायची कॉफी परदेशातूनच यायची. 1935 मध्ये इटलीनं इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघानं निर्बंध लादले, पुढे महायुद्ध पेटलं आणि इटालियन घरांत कॉफीच्या नावाखाली चिकोरी आणि भाजलेले सातू उकळू लागले. आल्फोन्सो आसपासच्या बाजारांत भांडी विकत राहिला. 1934 ते 1940 या काळात जेमतेम 70 हजार मोका खपले.

ते घराघरांत नेले त्याच्या मुलानं. रेनातो बियालेत्ती जर्मनांच्या कैदेतून सुटून 1946 साली कारखान्यात आला, बाकीची भांडी बाजूला सारून सगळी ताकद एका मोकावर लावली आणि जाहिरातीवर वडिलांना पटला नसता एवढा पैसा ओतला. पन्नाशीच्या दशकात पॉल कांपानी या चित्रकारानं बोट उंचावून कॉफी मागणारा मिशाळ माणूस काढला. तो दूरदर्शन संचावरच्या ‘कारोझेल्लो’ या जाहिरातींच्या कार्यक्रमातून घरोघरी पोचला आणि आजही बियालेत्तींच्या भांड्यांवर छापलेला असतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मोका ठेवलेला आहे. रेनातो 2016 मध्ये 93 व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या आकाराच्या मोकातच ठेवून त्याला निरोप देण्यात आला.

मोकाच्या आधी इटलीत घरी कॉफी होतच नव्हती असं नाही. नेपल्समध्ये उलटायची किटली होती: पाणी उकळलं की भांडं पालथं करायचं आणि कॉफी थेंबाथेंबानं गळेपर्यंत थांबायचं. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या 1946 च्या ‘क्वेस्ती फांतास्मी’ या नाटकाचा नायक बाल्कनीत बसून समोरच्या घरातल्या प्रोफेसरला ही कॉफी कशी करायची ते तपशिलात ऐकवतो. कॉफी गळत असताना सुगंध उडून जाऊ नये म्हणून किटलीच्या चोचीवर कागदाचा छोटा कोन बसवायचा, इथपर्यंत! घरच्या एका कपासाठी एवढा जीव टाकणाऱ्या समाजाला मोकानं तीच गोष्ट पाच मिनिटांत करून दिली, म्हणून तो तिथे रुजला.

मोकाच्या पोटात काय चालतं, ते कुकर वापरणाऱ्या मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. बंद भांडं तापलं की आत दाब वाढतो. फरक इतकाच की कुकर तो दाब कोंडून धरतो आणि मोका त्याला पाणी वर ढकलायच्या कामाला लावतो. टाकीत पाण्याच्या वर थोडी हवा कोंडलेली असते. ती तापून फुगते, तिच्यात वाफ मिसळते आणि दोघी मिळून पाण्याला गाळणीच्या दांड्यातून वर, पुडीतून आरपार, वरच्या भांड्यात चढवतात. इटलीतल्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी मोकात तापमापक खुपसून मोजमापं घेतली आहेत. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: पाणी उकळायच्या बरंच आधी वर चढू लागतं. म्हणजे सुरुवातीची कॉफी बेताच्या तापमानाला उतरते आणि शेवटची सगळ्यात गरम पाण्यातून. कडूपणा येतो तो त्या शेवटच्या घोटांतून.

हे एकदा लक्षात आलं की कृतीतल्या सगळ्या सूचनांना अर्थ येतो. टाकीच्या बाजूला पितळी बोंडासारखा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी त्याच्या खालपर्यंतच भरायचं, म्हणजे हवेला जागा राहते आणि व्हॉल्व्हही मोकळा राहतो. पूड हाताला बारीक रवाळ लागावी. पिठासारखी बारीक पूड पाण्याची वाट अडवते. गाळणी काठोकाठ भरायची, बोटानं सपाट करायची, पण चमच्यानं दाबायची अजिबात नाही. दाबून भरण्याची सवय एस्प्रेसो मशीनकडून आलेली आहे. तिथे साधारण 9 बार दाबाचा पंप पाणी रेटत असतो. मोकात जेमतेम 1 ते 2 बार दाब तयार होतो. त्याला गच्च भरलेल्या पुडीशी झुंजायला लावलं की कॉफी करपट तरी होते, नाहीतर आट्यांतून वाफ फुसफुसते.

मग आच. गॅस मंदच हवा, ज्योत भांड्याच्या तळाबाहेर येता कामा नये. आली तर आधी प्लास्टिकची मूठ वितळेल. आपल्या शेगडीवर एक अडचण हमखास येते. लहान मोकाचा तळ बर्नरच्या चार दांड्यांवर नीट बसत नाही, भांडं कलंडतं. घरातली पापड भाजायची जाळी बर्नरवर ठेवली की हा प्रश्न सुटतो. झाकण उघडं ठेवून बघत राहावं. आधी मधल्या नळीच्या तोंडाशी गडद तपकिरी, जवळजवळ काळा थेंब फुगतो आणि ओघळतो. मग संथ धार लागते, हळूहळू तिचा रंग मधासारखा फिकट होत जातो. धार पिवळट होऊन फुरफुरायला लागली की टाकीतलं पाणी दांड्याच्या तोंडाखाली गेलेलं असतं आणि नळीतून निव्वळ वाफ सुटू लागते. त्या क्षणाच्या किंचित आधी गॅस बंद करून भांड्याचा बुडखा नळाच्या गार पाण्याखाली धरायचा. टाकीत थोडं पाणी उरतं. ते उरायलाच हवं.

पाणी आधीच गरम करून टाकीत घ्यावं की गार, यावर कॉफीवेड्यांत वाद आहेत. गरम पाणी घेतलं तर पूड कमी वेळ तापते, हलक्या भाजणीच्या कॉफीला त्याचा फायदा होतो. पण मग तापलेली टाकी फडक्यात धरून आट्या आवळाव्या लागतात आणि सकाळी अर्धवट झोपेत हात भाजतो. गडद भाजणीची कॉफी घेणाऱ्या घरानं गार पाणी, मंद आच आणि वेळेवर बंद केलेला गॅस एवढं सांभाळलं तरी पुरे. बोअरच्या पाण्यानं व्हॉल्व्हवर पांढरे क्षार धरतात, म्हणून पिण्याचंच पाणी घ्यावं आणि व्हॉल्व्ह मधूनमधून हलवून बघावा.

विकत घेताना फसगत होते ती कपांच्या आकड्यात. खोक्यावर 3 कप लिहिलेलं असतं आणि घरी आल्यावर त्यातून जेमतेम 130 ते 150 मिलिलिटर कॉफी निघते. तो इटालियन कप असतो, आपल्या चहाच्या कपाच्या निम्म्याहून लहान. पण दुधाच्या कॉफीसाठी हा अर्क भरपूर झाला: 15 ते 17 ग्रॅम पूड, तीन कपांचा मोका, वर गरम दूध, आणि दोन माणसांची कॉफी तयार. हा अर्क म्हणजे एस्प्रेसो नव्हे, त्यावर तांबूस साय धरत नाही. जाहिराती त्याला तसं म्हणतात आणि मग लोक निराश होतात. मोकाची कॉफी फिल्टरच्या डिकॉक्शनपेक्षा धारदार आणि एस्प्रेसोपेक्षा पातळ अशी स्वतःच्या वळणाची असते. तिला तशीच घ्यावी.

आता बियांकडे वळू, कारण खरी हयगय तिथेच होते. कॉफीच्या निर्यातीत भारताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे. आपल्या कॉफीपैकी जवळपास 70 टक्के एकट्या कर्नाटकात पिकते: कोडगू, चिक्कमगळूरु, हासन. सतराव्या शतकात बाबा बुदन या सुफी संतांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरुच्या डोंगरात लावल्या, अशी तिथली परंपरा सांगते. तिथून कोल्हापूर एका दिवसाच्या रस्त्यावर आहे. या मळ्यांत आज रोबस्टा जास्त, अरेबिका कमी. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट आणि अर्काला अंग चांगलं येतं, म्हणून इटालियन भट्टीवाले ती आपल्या मिश्रणात हौसेनं घालतात. मोकासाठी तर अशी मिश्रणं उत्तमच. सावलीच्या झाडांखाली, मिरीच्या वेलांच्या संगतीनं वाढलेली ही कॉफी जहाजात बसून जेनोआ आणि त्रिएस्तला जाते, आणि चिक्कमगळूरुपासून रात्रभराच्या बसप्रवासावर राहणारी मराठी माणसं बरणीतली भुकटी पितात. यासारखी खंत वाटण्याजोगी गोष्ट नाही. महाराष्ट्राला कॉफी परकी आहे असंही म्हणता येत नाही. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला थोडी का होईना, कॉफी पिकते.

बरणीतल्या भुकटीत नेमकं काय असतं ते लेबलवर छापलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात. आपल्याकडच्या कित्येक लोकप्रिय बरण्यांत कॉफी आणि चिकोरी यांचं मिश्रण असतं. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफीचं प्रमाण किमान 51 टक्के असलं तरी चालतं. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफीनही नाही आणि कॉफीचा सुगंधही नाही. आहे तो रंग आणि कडसर गोडवा. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत तिला मानाची जागा आहे, ती चव जपणाऱ्यांना कुणी नावं ठेवू नयेत. मात्र कॉफीच्या भावात चिकोरी घेत असताना ते गिऱ्हाइकाला ठाऊक तरी असावं. मोकात चिकोरीची पूड वापरूच नये. ती ओली झाली की चिकट होते आणि गाळणीत गच्च बसते.

कॅप्सूलचा हिशेब आणखी बोलका आहे. एका कॅप्सूलमध्ये साधारण 5 ते 6 ग्रॅम कॉफी असते. तिला 50 रुपये मोजले, तर कॉफी किलोला आठ ते दहा हजार रुपयांच्या घरात पडली. त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या भावात कर्नाटकातल्या मळ्याचं नाव छापलेली, ताजी भाजलेली उत्तम कॉफी मिळते. शिवाय प्रत्येक कपामागे प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची एक डबी कचऱ्यात जाते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं 2016 मध्ये सरकारी पैशातून अशा कॅप्सूल विकत घ्यायला बंदी घातली, ती उगाच नाही. आपल्या शहरांत ओला-सुका कचरा वेगळा होताना मारामार, तिथे ओल्या पुडीनं भरलेली डबी कोण सोलून वेगळी करणार? या कॅप्सूलनं खुद्द इटलीतही मोकाला धक्का दिला. क्रुसिनाल्लोचा कारखाना 2010 मध्ये बंद झाला, उत्पादन देशाबाहेर गेलं आणि 2025 मध्ये कंपनीची बहुतांश मालकी हाँगकाँगच्या गुंतवणूकदाराकडे गेली. भांडं टिकाऊ निघालं, एकदा घेतलं की वीस वर्षं पुन्हा घ्यावं लागत नाही. नव्या बाजाराला असं गिऱ्हाईक नको असतं. घरच्या माणसाला मात्र असंच भांडं हवं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्यात. ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर चालत नाही; तिथे बुडाला योग्य ते पोलाद असलेला स्टीलचा घ्यावा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांची धास्ती वाटणाऱ्यांनीही स्टीलचाच घ्यावा, चवीत फार फरक पडत नाही. कॉफीतले तेलकट घटक कागदी गाळणीत अडतात, मोकाच्या पत्र्याच्या जाळीत पुरते अडत नाहीत. कोलेस्टेरॉलचं दुखणं असलेल्यानं रोज अनेक कप पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि घरात दहा पाहुणे आले तर मोका कामाचा नाही, तेव्हा फिल्टर किंवा पातेलंच बरं.

मराठी घरांची स्वतःची कॉफी आहेच: दूध, साखर, वर उगाळलेलं जायफळ, कधी वेलदोडा. उत्सवात, रात्रीच्या जागरणात, गाण्याच्या बैठकीच्या मध्यंतरात ती दिली जाते. कॉफीच्या नव्या जाणकारांना जायफळ म्हणजे कॉफीचा अपमान वाटतो. तसं मानायचं काही कारण नाही. गडद भाजणीच्या रोबस्टा-अरेबिका मिश्रणाचा मोकातला अर्क, साय धरलेलं घट्ट दूध आणि ताजं किसलेलं जायफळ यांचं इतकं जमतं की इन्स्टंटच्या कॉफीत आपण आजवर फक्त जायफळच पीत होतो, हे पहिल्या घोटाला कळतं.

गाडं अडतं ते ताज्या कॉफीपाशी. भाजलेली बी काही आठवडे चांगली राहते, दळलेली पूड त्याहून फार लवकर सुगंध सोडते. तरी किराणा दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पाकिटांवर पॅकिंगची तारीख असते आणि भाजल्याची नसते. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळ दाक्षिणात्य वस्तीमुळे डोळ्यांसमोर कॉफी दळून देणारी दुकानं टिकली आहेत; पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापुरात नव्या मुलांनी लहान भट्ट्या टाकल्या तर गिऱ्हाईक नक्की उभं राहील. पाकिटावर भाजल्याची तारीख आणि चिकोरीचा टक्का ठळक अक्षरात छापायची सक्ती सरकारनं केली, तर या धंद्याचं निम्मं काम होईल.

तोवर वाचकांनी एवढं करावं. येत्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत बरणीऐवजी पाव किलो शुद्ध कॉफी लिहावी, मोकासाठी दळून मागावी आणि ती कधी भाजली ते दुकानदाराला विचारावं. त्याला सांगता आलं नाही, तर दुसरं दुकान बघावं.